'ॲनोमी'ला रोजच्या मराठीत काय म्हणाल? (आणि उलट टोकाला?)

तलावपाळी:
भाची ठाण्यात समाजशास्त्र घेऊन बी. ए. करतेय. तिच्या नोट्स चाळताना एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचं प्रकरण निघालं. 'ॲनोमी'ला एका पानावर 'नियमहीनता', पुढे 'प्रमाणकशून्यता', आणखी पुढे 'आदर्शशून्यता' असं लिहिलंय. तिन्ही शब्द वाचून पोरीला काडीचाही अर्थबोध झालेला नाही. समाजाची बंधनं फारच झाली की जे होतं, त्याला नोट्समध्ये 'दैववाद' म्हटलंय. ती मला विचारते, "मामा, दैववाद म्हणजे पत्रिका बघणारे ना?"

मूळ शब्द ग्रीक आहे. नोमोस म्हणजे नियम, कायदा, आणि त्याच्यापुढे आपल्याकडे आहे तसाच नकाराचा 'अ'. दुर्खीमने तो १८९३ मध्ये श्रमविभागणीवर लिहिताना वापरला आणि १८९७ च्या आत्महत्यांवरच्या ग्रंथात तो खऱ्या अर्थाने रुजला. थोडक्यात म्हणणं असं की माणसाला काय मिळवावं, कुठे थांबावं हे समाज सांगत असतो. ते सांगणं बंद पडलं, म्हणजे ॲनोमी आली, तरी माणूस मोडतो आणि फार झालं तरी मोडतो.

या दोन्ही टोकांना बोलीतले शब्द आहेत का? परिभाषाकोशातले नकोत, ते नोट्समध्ये आहेतच.

उपविधीग्रस्त:
दुसऱ्या टोकाचे शब्द हवेत तर घोडबंदर रोडला आमच्या कॉम्प्लेक्सात या, गोणीभर देतो. जाच, काच, कोंडमारा, घुसमट, गळचेपी, मुस्कटदाबी. नोटीस बोर्डावर सध्या काय काय आहे ऐका. अविवाहित भाडेकरू ठेवू नये. कामवाल्या बायकांनी मागची लिफ्ट वापरावी. गॅलरीत बाहेरच्या बाजूला कपडे वाळत घालू नयेत. मुलांनी पोडियमवर चेंडू आपटू नये. पाहुणे रात्री राहणार असतील तर गेटवर नोंद करावी. हे सगळं 'उपविधीनुसार', म्हणजे सोसायटीच्या नियमांनुसार, असतं म्हणे. मी आदर्श उपविधी आणून वाचले. त्यात पार्किंग आहे, गळती आहे, अविवाहित भाडेकरू कुठेच नाही!

निवृत्त मास्तरीण:
उपविधीग्रस्त, तुम्ही जाच आणि काच एका गोणीत घातलेत. मला ते दोन वेगळे वाटतात.

काचणं म्हणजे घट्ट बांधलेली वस्तू कातडीला लागणं. परकराची नाडी काचते. सोडली की कमरेवर लाल वळ दिसतो. नाडीच्या मनात काही वाईट नसतं, ती फक्त जास्त आवळलेली असते. जाच मात्र कुणीतरी करावा लागतो, त्यामागे माणूस असतो. आता दुर्खीमच्या दुसऱ्या टोकाकडे बघा. नियमांनी भवितव्य इतकं आवळून टाकलंय की श्वासाला जागा नाही, असं त्याचं वर्णन आहे. तो काच आहे. दैववाद हा शब्द तिथे साफ चुकतो, कारण आपल्याकडे दैववादी माणूस बऱ्याचदा निवांत असतो, 'होईल ते होईल' म्हणून झोपतो.

गंमत म्हणजे या टोकाला दुर्खीमने एका तळटीपेत उरकलंय. उदाहरणं दिली ती फार लहान वयात लग्न झालेल्या नवऱ्यांची, मूल नसलेल्या विवाहित बायकांची आणि गुलामांची. युरोपात आता हे फारसं उरलं नाही, असं त्याला वाटत होतं. आपल्याकडच्या बायकांनी ही तळटीप लिहिली असती तर तिचा वेगळा ग्रंथ झाला असता. सासुरवास हा शब्द आपण इतका सहज वापरतो की त्यात 'वास' आहे, म्हणजे तिथे राहायचंच आहे, हे लक्षातही येत नाही.

पहिल्या टोकाला माझ्याकडे हे आहेत: मोकाट, उधळलेला, बेबंद, उंडगा, ताळतंत्र सोडलेला, धरबंध नसलेला. यातला 'धरबंध' मला फार आवडतो. धरायलाही काही नाही आणि बांधायलाही नाही.

करावेकर:
मास्तरीणबाई, राग मानू नका, पण मोकाट, उधळलेला आणि 'वेसण नाही' हे सगळे गुराढोरांचे शब्द आहेत, आणि ते आम्हाला भरपूर ऐकवून झालेत. "आगऱ्यांकडं पैसा आला न् ताळ सुटला." नेरूळच्या बाजारात उभे राहा, दिवसाला एकदा तरी कानावर पडेल.

आता जरा आतून सांगतो. १७ मार्च १९७० ला सिडको झाली, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ. ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी संपादनात गेल्या. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाडीतली मासेमारी आटत गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली लोक उठले, जासईकडे गोळीबारात पाच शेतकरी गेले, आणि त्यातून पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले. ते भूखंड बिल्डरकडे गेले आणि एकेका घरात बापजाद्यांनी ऐकली नव्हती एवढी रक्कम एकदम आली.

माझा चुलतभाऊ त्यातलाच. गळ्यात जाड चेन, दारात दोन गाड्या, हळदीला मोठा डीजे. लोकांना तेवढंच दिसतं. मला दिसतं ते असं की हा माणूस दुपारी बारा वाजता उठतो, देवळापुढच्या कट्ट्यावर येऊन बसतो आणि विचारतो, "आज काय कराचा?" त्याच्या बापाला हा प्रश्न कधी पडलाच नाही. भरती कधी, ओहोटी कधी, उधाण कधी, भांग (म्हणजे छोटी भरती) कधी, त्यावर कधी उठायचं आणि कधी झोपायचं हे ठरलेलं होतं. बाकीचं गावकी ठरवायची. पालखी कुणाच्या दारावरून जाणार, बांधाला माती टाकायला घरटी किती माणसं यायची. गावकीनी सांगलं म्हंजे सांगलं.

तेव्हा काच नव्हता असं नाही. आजोबा म्हणायचे, खाराच्या शेताला बांध पाहिजे आणि बांधाला उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, पण पाहिजे. बांध फुटला तर खाडीचं पाणी शिरून जमीन खारट होते. उघाडी बुजली तर पावसाचं पाणी तुंबून भात कुजतं. सिडकोनं आमचे बांध काढले आणि शहर खाली बुडायला नको म्हणून स्वतःचे धारण तलाव आणि झडपेची दारं बांधली. माणसांसाठी तसं काही बांधलं नाही.

तलावपाळी:
करावेकर दादा, तुमच्या पोस्टीनंतर वरची यादी परत वाचली आणि एक गोष्ट डोळ्यात भरली. जास्त बंधनाचे आपले शब्द ज्याला लागतंय तो बोलतो: मला काचतंय, माझी घुसमट होतेय, माझा कोंडमारा झालाय. कमी बंधनाचे शब्द मात्र बाजूला उभा राहून बघणारा बोलतो: तो मोकाट सुटलाय, त्याला धरबंध नाही, ती उंडारतेय. 'मी मोकाट झालोय, फार त्रास होतोय' असं कुणी म्हणतं का?

दुर्खीमचा सगळा मुद्दा तर हाच की मोकाट सुटलेल्यालाही दुखतं. त्या दुखण्याला त्याच माणसाच्या तोंडचा शब्द हवाय.

बेलापूर खाडी:
जरा अवांतर, पण जवळचं. 'वाळीत टाकणे' कुठल्या टोकाला बसेल? गावाची, जातपंचायतीची बंधनं फार आवळलेली, हे एक टोक. आणि त्याची शिक्षा काय, तर माणसाला सगळ्या बंधनांतून बाहेर काढायचं! पाणी नाही, लग्नाचं बोलावणं नाही, दुकानात माल नाही, मयताला खांदा नाही. म्हणजे एका टोकाच्या हत्याराने माणसाला दुसऱ्या टोकाला फेकतात.

याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला, ३ जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मुंबई राज्याचा १९४९ चा बहिष्कृतीविरोधी कायदा होता, तो सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये रद्द ठरवला होता. मधली पन्नासेक वर्षं रायगडातल्या वाळीत कुटुंबांना खास असा आधार नव्हता.

ऐरोली नाईटशिफ्ट:
मी मूळचा लातूरकडचा. तलावपाळी, तुम्ही विचारलेला शब्द मला माहितीय, कारण तो मी आईला फोनवर बोललोय. सैरभैर.

गावी आमच्या घरी उंबरठा ओलांडला की चार प्रश्न. कुठं निघालास, कुणासोबत, कधी येणार, जेवायला आहेस का. सरळ सांगतो, काचायचं. इकडे कंपनीत लागलो, सेक्टरमध्ये रूम घेतली, कुणी काही विचारेना. रात्री तीनला अंडाभुर्जी खा, दुपारी चारला उठा. सुरुवातीला वाटलं, सुटलो एकदाचा. नंतर नंतर सुट्टीच्या दिवशी ठाण्याच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यावरून वर जायचं, परत खाली यायचं. घ्यायचं काहीच नसायचं.

समाजशास्त्र रिटायर्ड:
ऐरोलीकर, तुमचा अनुभव खरा आहे, पण खातं बदलतो, कारण परीक्षेत इथेच मार्क जातात. दुर्खीमकडे दोन वेगवेगळी मापं आहेत. एक, माणूस गटाशी किती जोडलेला आहे. दुसरं, त्याच्या इच्छांवर समाजाचं नियमन किती आहे. कुणी विचारणारं नाही, हे पहिल्या मापातलं. त्या प्रकाराला नोट्समध्ये 'अहंवादी' म्हणतात, आणि तेही भाषांतर दिशाभूलच करतं, कारण त्यात अहंकाराचा काही संबंध नाही. ॲनोमी दुसऱ्या मापातली. करावेकरांचा भाऊ तिथे अचूक बसतो. भाऊबंद आहेत, कट्टा आहे, देऊळ आहे, एकटा मुळीच नाही. फक्त किती झालं म्हणजे पुरे, हे सांगणारं काही उरलं नाही.

दुर्खीमच्या मांडणीतला सगळ्यात धक्का देणारा भाग हाच. व्हिएन्नात १८७३ मध्ये आणि पॅरिसच्या शेअर बाजारात १८८२ मध्ये घसरण झाली, तेव्हा आत्महत्या वाढल्या. यात नवल नाही. पण इटलीत १८७० नंतर व्यापार आणि मजुरी वर जात असतानाही त्या वाढल्या. म्हणजे गरिबी हे कारण नव्हे. वर काय किंवा खाली काय, जुनं माप मोडलं की माणूस कोलमडतो. गरिबी उलट थोडं राखतेच, असं तो म्हणतो, कारण ती स्वतःच एक लगाम आहे. (हे वाक्य गरिबांना ऐकवू नका. मी एकदा वर्गात ऐकवलं होतं, मागच्या बाकावरून चांगला समाचार घेतला गेला.)

नियम, नियमन, संयम हे सगळे एकाच 'यम्' धातूचे, म्हणजे आवरणे. आपल्या शिकवणुकीत भर संयमावर आहे, म्हणजे तुझं तू आवर. दुर्खीम म्हणतो, इच्छेला आतून बूड नसतं, आवर बाहेरूनच यावा लागतो. आणि तो ज्याला माणूस न्याय्य मानतो अशाच समाजाकडून यावा लागतो. नुसता धाक पुरत नाही. उपविधीग्रस्तांच्या सेक्रेटरीला हे सांगा.

ऐरोली नाईटशिफ्ट:
सर, मी अर्धवट सांगितलं. रूमवर आम्ही चौघं होतो, एकटं असं नव्हतंच. पण चौघांचंही एकच चालायचं, कोणी कुठे स्विच मारला, म्हणजे नोकरी बदलली, पगारात किती हाईक मिळाली. मीही मारला. ऑफर लेटर आलं त्या रात्री महापेच्या टपरीवर पार्टी दिली, आणि पार्टी चालू असतानाच दुसऱ्याने तिसऱ्या कंपनीचा आकडा सांगितला. तिथल्या तिथे माझा आकडा लहान झाला. गावी आबांचं सरळ होतं. घर बांधलं, पोरीचं लग्न झालं, बोअरला पाणी लागलं, झालं, पुरे. आमच्याकडे 'पुरे' म्हणणारं कुणी नव्हतं. लोक याला हाव म्हणतील. म्हणा. पण हाव सुटलेल्याला मजा तरी येत असेल.

तलावपाळी:
हाव 'सुटते', तोंड 'सुटतं', ताळ 'सुटतो'. तिन्ही बघणाऱ्याच्या तोंडचे. सैरभैर मात्र माणूस स्वतःबद्दल म्हणतो. माझं मत सैरभैरला.

निवृत्त मास्तरीण:
माझी हरकत आहे. सैरभैर हा घटकाभराचा शब्द आहे. कळपात कुत्रं शिरलं की शेळ्या सैरभैर होतात, घरातलं कर्तं माणूस गेलं की पहिले काही दिवस घर सैरभैर होतं. वर्षानुवर्षं कट्ट्यावर बसलेला माणूस सैरभैर कसा? त्याला 'अधांतरी' म्हणा.

समाजशास्त्र रिटायर्ड:
शिवाय दुर्खीमची ॲनोमी ही समाजाची अवस्था आहे, माणसाची मनःस्थिती नव्हे. ती माणसात मोजायची पद्धत लिओ स्रोल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये आणली. तेव्हा भाचीने उत्तरात समाजाला 'नियमहीन' लिहावं, माणसाला हवं तर सैरभैर लिहावं किंवा अधांतरी, परीक्षक मराठीचा असेल तर खूश होईल. आणि 'दैववाद' लिहिलंच तर पुढे एक ओळ खुलासा द्यावा.

करावेकर:
अधांतरी चालेल. भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "दोनी लिव."

ऐरोली नाईटशिफ्ट:
बाई, शेळ्यांचं मान्य. पण आमच्या रूमवर कुत्रं बाहेर जातच नव्हतं.

उपविधीग्रस्त:
आज सकाळीच नवीन नोटीस लागली: 'सदस्यांनी रात्री दहानंतर गॅलरीत मोठ्याने हसू नये.' मास्तरीणबाई, हा काच म्हणायचा की जाच? सेक्रेटरी आमचे साडू आहेत म्हणून विचारतो.

निवृत्त मास्तरीण:
साडू असतील तर जाच.