अंडाशय, बीजांडकोश की नुसती 'पिशवी'?

मुक्तछंद
एका आरोग्यपुस्तिकेचं मराठी करतेय. वाचणाऱ्या बायका बहुतेक ऊसतोडीला जाणाऱ्या. ओव्हरीला सगळीकडे 'अंडाशय' लिहिलं होतं. परवा मसुदा वाचून दाखवला, तर एक मावशी म्हणाल्या, "ते तर गड्याचं असतंय ना?" त्यांना 'अंडकोश' ऐकू आलं. घरात दिराला अंडवृद्धी झालेली, त्यामुळे 'अंड' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे तेच येणार. मग 'बीजांडकोश' करून पाहिलं, ते कुणालाच लागलं नाही. गर्भाशयाला पिशवी आहे, नळ्यांना नळ्या आहेत, मग ओव्हरीला बोलीत नावच नाही का? तुमच्याकडे काय म्हणतात?

खडूफळा
पाठ्यपुस्तकात अंडाशयच आहे, तेच ठेवा. दहावीला कित्येक वर्षं शिकवलंय. बीजांडकोशाची अडचण अशी, की वनस्पतीत बीजांड म्हणजे अंडाशयाच्या आतलं, ज्याचं पुढे बी होतं. वाटाण्याची शेंग उघडून मुलांना दाखवायचो. बाईच्या बाबतीत बीजांड म्हणजे एकच पेशी. एका शब्दाला दोन अर्थ दिले की मुलं परीक्षेत गडबडतात.

रानजाई
कोश की कोष? माझ्या आजोबांनी 'ष' लिहिला म्हणून मार खाल्ला होता.

खडूफळा
संस्कृतात दोन्ही आहेत. मराठीत 'कोश' रूढ.

पांढरीटोपी
सरळ 'ओव्हरी' लिहा. सोनोग्राफीच्या कागदावर तेच असतं. आमच्या दवाखान्यात बायका "अंडं फुटलं का?" असं विचारतात, म्हणजे अंडं त्यांना कळतं. पण ते ज्यातून येतं त्याला "ओव्हरीला सूज आहे" असंच म्हणतात.

देशीवाण
हे मला मान्य नाही. रघुनाथराव कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि हे सगळे विषय मराठीतून उघड मांडले. जवळजवळ शंभर वर्षांनी आपण इंग्रजीच्या आडोशाला का जायचं?

पांढरीटोपी
दादा, संस्कृतचाही आडोसाच आहे. योनी, शिश्न, वृषण हे शब्द घरात कोण उच्चारतं? बाई डॉक्टरला सांगते "अंग बाहेर येतंय", "अंगावरून जातंय". एका 'अंग' शब्दात सगळं गुंडाळलेलं.

ओटीभरण
मी परिचारिका आहे. मुक्ताताई, तुमचा प्रश्न नुसता शब्दाचा नाही. एका रुग्णालयात माझ्यासमोर चाळिशीही न गाठलेली बाई आली. आधी दुसरीकडे ऑपरेशन झालेलं. काय काढलं विचारलं तर "पिशवी". अंडाशय ठेवले का, हे तिला माहीत नव्हतं, कारण तसं काही वेगळं असतं हेच कुणी सांगितलं नव्हतं. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशय संप्रेरकं करत राहतात. दोन्ही अंडाशय काढले की पाळी जाण्याचा काळ तिथूनच सुरू होतो. अंगातून वाफा, झोप नाही, पुढे हाडं ठिसूळ. ही बाई रात्री तीनदा उठून तोंडावर पाणी मारायची आणि तिला वाटायचं करणी झालीय. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीने ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यात १३ हजारांवर जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यातल्या कितीजणींना 'पिशवी' या शब्दात आणखी काय गेलं ते ठाऊक असेल? म्हणून वेगळं नाव हवंच.

मुक्तछंद
अगदी हेच पान लिहिताना अडकलेय. "पिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढ्या दोन बीजगाठी" असं कसं वाटेल?

ओटीभरण
'गाठ' नको. गाठ म्हटलं की बाईला कॅन्सरच दिसतो, उद्या काढून टाका म्हणेल. बदाम मात्र ठेवा.

देशीवाण
मग 'बीजकोश' करा. 'स्त्रीबीज' सगळ्यांना कळतं.

खडूफळा
पण मुलगी शाळेत अंडाशय शिकणार आणि आई बीजकोश वाचणार. घरात दोन शब्द कशाला?

रानजाई
दोन शब्दांवरून आठवलं. लोक 'नाळ पुरली' म्हणतात. आमच्याकडे पुरतात ती वार. नाळ म्हणजे बाळाच्या बेंबीला जोडलेली दोरी, वार तिच्या दुसऱ्या टोकाला. आजी सुईण होती. ती वार परातीत पसरून पुरी आली का बघायची, तुकडा आत राहिला तर रक्त थांबत नाही म्हणायची.

ओटीभरण
आम्ही आजही तेच करतो, ताई. फक्त परात स्टीलची.

देशीवाण
आयुर्वेदात वारेला 'अपरा' म्हणतात. त्यातूनच 'वार' आली असावी, असा माझा कयास.

खडूफळा
कयास ठीक, पण मधली रूपं दाखवा. त्यापेक्षा 'जार' बघा. गाय व्याली की जार पडली म्हणतात, ते सरळ 'जरायु'वरून.

मुक्तछंद
पुस्तिका सोमवारी छापायला जातेय. 'बीजकोश' लिहून कंसात 'अंडाशय' देते आणि शेजारी बदामाचं चित्र. कुणाचा जोरदार विरोध असेल तर आजच सांगा.

पांढरीटोपी
कंसात 'ओव्हरी'ही घाला, कागद वाचता येईल.

देशीवाण
मग कंसच मोठा होईल!

रानजाई
खडूफळाकाका, शेळीलाही जारच म्हणतात का? आमच्याकडे गाय, शेळी, बाई, सगळ्यांची वारच.