मदत हवी आहे: 'शात्झ' आडनाव धंद्यावरून आलं का?

गॅलिशियातल्या (तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यातला, आज पोलंड-युक्रेनमध्ये विभागलेला प्रदेश) ज्यू आडनावांवर मराठीत लेख लिहितेय. १७८७ साली सम्राट दुसऱ्या जोसेफच्या हुकमामुळे तिथल्या ज्यूंना कायमची आडनावं घ्यावी लागली. श्नायडर, क्रावेत्झ, पोर्टनॉय, खायात हे सगळे शिंपीच, फक्त भाषा वेगळ्या. इथवर सोपं आहे.

अडलंय ते लघुरूपांपाशी, म्हणजे हिब्रू शब्दांच्या आद्याक्षरांतून बनलेल्या आडनावांपाशी. 'शुब' म्हणजे शोखेत उबोदेक: धर्मनियमाने जनावर कापणारा आणि ते तपासणारा. त्यात शंका नाही. पण 'शात्झ' दोन्हीकडे जातं. हिब्रूत शलिआख त्झिबुर, म्हणजे सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) प्रार्थना चालवणारा. जर्मनमध्ये सरळ 'खजिना'. आडनावांचे कोश पाहिले, त्यांत दोन्ही अर्थ दिलेत. मला जर्मन येतं, हिब्रू लिपी अक्षरं जुळवत वाचते. बेने इस्रायलांच्या (कोकणातल्या मराठी ज्यूंच्या) पेणकर-रोहेकरांचा मुद्दा वेगळा आहे, ती गावांवरून आलेली नावं. ती इथे नकोत.

माझ्याकडे एका थडग्याच्या दगडाचा फोटो आहे. त्यावर शिन आणि त्साडी या 'शात्झ'च्या दोन हिब्रू अक्षरांच्या मध्ये वर दोन बारीक रेघा स्पष्ट दिसतात, म्हणजे लघुरूपाची खूण. जाणकारांनी सांगावं: या खुणेवरून ते घराण्याचं आडनाव समजायचं, की फक्त त्या माणसाच्या कामाचा उल्लेख? आणि हे पक्कं करायला त्याच दगडावर आणखी काय पाहायचं?