४ वर्षांच्या मुलीसाठी घरी वजनकाटा, कुठला घ्यावा?

सावली_दुपारची
मंडळी, लेक ४ वर्षांची आहे. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले उंचीच्या मानाने वजन जरा वर सरकतंय, लठ्ठ नाही पण आत्तापासून लक्ष ठेवा. घरी अर्थातच "खात्यापित्या घरची आहे, शाळेत जायला लागली की उतरेल" चालू आहे. मला एक वजनकाटा हवाय. बजेट कमी, साधा बॅटरीवाला पुरे. कुणी वापरलाय का? खाण्यापिण्याचंही सुचवा.

टेक_बाबा
साधा अजिबात घेऊ नका. आम्ही ॲपवाला घेतला, वजन, फॅट, स्नायू सगळं मोबाइलवर, आलेखसुद्धा काढतो. पैसे जास्त गेले तरी चालतील, एकदाच घ्यायचा असतो.

तिरपी_रेघ
बजेट कमी लिहिलंय त्यांनी. आणि ते फॅटचं गणित मोठ्या माणसांवर बेतलेलं असतं, ४ वर्षांच्या पोरीला त्याचा काय उपयोग?

टेक_बाबा
अंदाज तर येतो ना.

बालवाडीवाली
काटा नका घेऊ ताई. या वयात नुसत्या वजनाला अर्थ नसतो, उंचीसोबत बघायचं असतं, डॉक्टरांकडचा तक्ताही तसाच असतो. पहिल्या वाढदिवसानंतर मुलं हळूहळू सडसडीत होत जातात, ५-६ वर्षांच्या आसपास बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सगळ्यात खाली येतो आणि मग परत चढतो. हा चढ लवकर सुरू झाला तर पुढे लठ्ठपणाची शक्यता वाढते, म्हणूनच डॉक्टरांनी आत्ता टोकलं असेल. पण वजन उतरवायच्या मागे लागू नका, उंची वाढू दे, वजन सावकाश वाढलं की आपोआप जुळतं. डाएट तर नाहीच नाही. भिंतीवर पेन्सिलने उंचीच्या खुणा करा, फुकटात होतं.

झुळूक
काट्यापेक्षा ट्रॅम्पोलिन घ्या, आमची दोघं तासन् तास उड्या मारतात आणि रात्री पडल्या पडल्या झोपतात.

कुंपणावरची
ट्रॅम्पोलिन??? आमच्या भाच्याचं मनगट मोडलं त्यावर. ६ वर्षांखाली नकोच म्हणतात हाडांचे डॉक्टर.

झुळूक
मोठं माणूस शेजारी उभं असेल तर काही होत नाही.

कुंपणावरची
शेजारीच उभी होते मी.

दोन_पोरांची_आई
आमच्याकडे खाण्याचा नव्हे, पिण्याचा घोळ होता. धाकटा सिपर घेऊन घरभर हिंडायचा, त्यात कधी दूध कधी ज्यूस, मग जेवायला बसला की पोट फुल, जेवला नाही म्हणून सासूबाई परत दूध द्यायच्या आणि तेही साखर घालून, आणि वर आम्हीच सगळ्यांना सांगत फिरायचो की हा काही खात नाही तरी अंगाला कसं लागतं कोण जाणे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची अकादमी ४ ते ६ वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर १२० ते १८० मिली ज्यूस म्हणते, तोही बिनसाखरेचा, आणि ही वरची मर्यादा आहे, द्यायलाच हवा असं नाही. अख्खं फळ चावून खाल्लेलं बरं. आता सिपरमध्ये फक्त पाणी, दूध जेवणाच्या वेळी कपातून. सुरुवातीला सिपर भिरकावला, झाकणाची कड तुटली, ती तशीच ठेवलीये.

रोखठोक
आमच्या वेळी नव्हते हे लाड. बाहेर सोडायचे, दिवेलागणीला परत.

तिरपी_रेघ
मग आता का नाही सोडत काका? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तेच सांगितलंय, ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसात १८० मिनिटं हालचाल, त्यातली ६० तरी धाप लागेल अशी, स्क्रीन १ तासाच्या आत, झोप १० ते १३ तास.

निवांत_कधी
१८० मिनिटं??? आम्ही दोघंही नोकरीला, कुणी करायचं हे?

तिरपी_रेघ
सलग नाही हो, दिवसभरात मिळून. जिना, पकडापकडी, गाणं लावून नाच, सगळं धरायचं.

आनंदी_आनंद
ज्यूस बंद करा, पाणी द्या. आमचा अनुभव.

दोन_पोरांची_आई
तेच तर लिहिलंय वर 🙄

बालवाडीवाली
अजून एक. काय, कधी आणि कुठे खायचं ते आपण ठरवायचं, किती ते पोरीने. ताट संपवायचा आग्रह सोडा. गोड कुलुपात ठेवलं की मुलं त्याच्यावरच टपून बसतात आणि शहाण्यासारखं वागली म्हणून बक्षीस दिलं तर विचारूच नका. आणि तिच्यासमोर "जाडी" हा शब्द नको, लाडानेही नको.

सावली_दुपारची
सगळ्यांचे आभार. काटा मागवला 🙏 साधाच. तिला रोज उभं करणार नाहीये, कपाटावर राहील, महिन्यातून एकदा उंचीबरोबर वहीत लिहीन. आमच्याकडे माझं बोलणं पटत नाही, आकडा पटतो. सिपरचं मात्र आजपासूनच करतेय, आमच्याकडेही सेम कथा.

बालवाडीवाली
महिन्यालाही नको हो, ३ महिन्यांनी करा. पण ठीक आहे, तुमचं घर तुम्हाला माहीत.

टेक_बाबा
वॉरंटी बघून घेतलीत ना? आमच्याची संपली आणि लगेच चार्ज होणं बंद झालं.