मदत हवी आहे : 'भरतवाक्य' यातला भरत कोणता?

नमस्कार मंडळी,

लेक दहावीला आहे. मोरोपंतांचं 'सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो' तिला समजावत होते. कवितेचं नाव 'भरतवाक्य'. तिनं विचारलं, "आई, यात भरत कुठंय?" म्हटलं, नाटकाच्या शेवटी म्हणतात ते. "पण हे नाटक कुठंय?" तिथं मी अडले.

शाकुंतल काढून बघितलं तर गोंधळ वाढलाच. सातव्या अंकात कश्यप ऋषी सांगतात की दुष्यंताचा मुलगा पुढे भरत म्हणून ओळखला जाईल, आणि नाटक संपतं तेही भरतवाक्यानंच. मग हा भरत तो मुलगा, की नाट्यशास्त्र लिहिणारे भरतमुनी? आणि ही कविता ज्यातली, त्या मोरोपंतांच्या केकावलीशी याचा काय संबंध? कृपया जाणकारांनी सांगावं, तिला अर्धवट उत्तर द्यायचं नाही.

प्रतिसाद

ताई, दुष्यंताचा मुलगा नक्कीच नाही. 'भरत' म्हणजे नट. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात नटाच्या नावांमध्ये हा शब्द आहे. काही जण भरतमुनींशी नातं जोडतात, पण मला नटाचाच अर्थ पटतो.

शाकुंतलाच्या शेवटी कश्यप विचारतात, आणखी तुझं काय प्रिय करू? दुष्यंताला बायको मिळाली, मुलगा मिळाला, स्वतःसाठी मागण्यासारखं फारसं उरलेलं नाही. म्हणून तो आधी मागतो ते सगळ्यांसाठी : 'प्रवर्ततां प्रकृतिहिताय पार्थिवः', राजानं प्रजेच्या हितासाठी झटावं. इथं पात्र बाजूला होतं आणि नट प्रेक्षकांच्या वतीनं बोलतो. नाट्यशास्त्रात या शेवटच्या मंगल मागणीला 'प्रशस्ति' म्हटलंय.

विशाखदत्ताच्या मुद्राराक्षस या संस्कृत नाटकाचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. त्याच्या भरतवाक्यात राजाचं नाव काही हस्तलिखितांत चंद्रगुप्त, काहींत अवंतिवर्मा, तर काहींत दंतिवर्मा असं येतं. विशाखदत्ताचा काळ ठरवताना अभ्यासक याच ओळीवर वाद घालतात. कथेतला राजा एकच, पण हा श्लोक खेळ करणाऱ्यांच्या आजच्या राजासाठीही असू शकतो, असं मला यावरून वाटतं.

आता केकावली. केका म्हणजे मोराचा टाहो. मोरोपंत देवाला आर्त हाका मारत जातात आणि अखेरीस हे मागणं मागतात. शेवटचं मंगल मागणं, म्हणून भरतवाक्य. त्यासाठी नाटकच हवं असं मराठीत राहिलं नाही. कीर्तन संपताना 'हेचि दान देगा देवा' म्हणतात ना, लेकीला ते आधी ऐकवा.