मदत हवी आहे : स्कीइंग करताना डोक्याला मार, महिन्यानंतरही त्रास

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ मित्रांबरोबर गुलमर्गला गेला होता. आयुष्यात बर्फ पहिल्यांदा पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी उतारावर तोल जाऊन डोक्यावर पडला. हेल्मेट होतं. दोन मिनिटं तेच तेच विचारत होता, ‘आपण कुठं आहोत?’ तिथल्या सीटी स्कॅनमध्ये काही निघालं नाही.

सोलापुरात परतून महिना झाला. तो टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. मागांच्या खडखडाटात अर्धा तास बसला की डोकं धरतो. परवा चहात साखर घातली, ढवळली आणि परत घातली. चिडचिड तर विचारू नका. आई म्हणते दृष्ट लागली.

डॉक्टर म्हणाले, कन्कशन आहे, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. हेल्मेटनं कवटी वाचते, पण आत मेंदू हलायचा तो हलतोच. फॉर्म्युला वन कार रेसर मायकेल शूमाकरला २०१३ मध्ये फ्रान्समधल्या मेरिबेलला स्कीइंग करताना डोक्याला गंभीर मार लागला, तेव्हा त्यानंही हेल्मेट घातलंच होतं, हे वाचल्यापासून माझी झोप उडालीय. शिवाय काही वेळा रक्त हळूहळू साचतं, ते काही आठवड्यांनी कळतं म्हणे.

आता प्रश्न. पुन्हा सीटी करावा की थेट एमआरआय? जुळे सोलापूर, होटगी रोडकडे चांगले न्यूरॉलॉजिस्ट कोण, की पुणंच गाठावं? घरात कुणाला असं झालं असेल तर कामावर कधी पाठवलंत? मालक रोज फोन करतोय.

उलटी किंवा ग्लानी आली तर लगेच दवाखान्यात न्यायचं, एवढं माहीत आहे. घरगुती लेप कृपया सुचवू नका.