शब्दचर्चा : किंशुक म्हणजे पळसच का?

प्रश्न (दारव्हा): शाळेच्या भिंतीवर पळस रंगवायचा आहे. खाली लिहायला सुभाषित शोधलं तर 'विद्याहीना न शोभन्ते निर्गन्धा इव किंशुकाः' हाती लागलं. किंशुक म्हणजे आपला पळसच असेल तर शाळेत हे फूल शोभतं का?

अमरावती: पळसच. 'किं शुकः?', म्हणजे हा पोपट तर नव्हे, अशी फोड सांगतात. पाकळीचा बाक पाहा, चोचच ती. रूप आहे पण वास नाही, म्हणून सुभाषितकाराने ते न शिकलेल्याच्या माथी मारलं. शिमग्याला फुलं उकळून रंग करणाऱ्याले वासाशी काय करायचंय?

आरमोरी: भाऊ, आमच्याकडे मान फांदीले. पोळ्याले पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, दाराशी ठेवतात, दुसऱ्या दिवशी सकाळी 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत गावाबाहेर टाकतात. पोळा श्रावणी अमावस्येचा, तेव्हा झाडावर फूल कुठलं!

वर्धा: सर, आधी ठरवा, प्रतीक रंगवायचंय की वनस्पतिचित्र? प्रतीकात निष्पर्ण झाडावर केशरी जाळ दाखवला की भागतं. वनस्पतिचित्रात फुलानं स्वतःखेरीज कशाचंही प्रतीक व्हायचं नसतं. तिथे पान, कळी, उमललेलं फूल, शेंग सगळं एकाच कागदावर येतं. झाडावर ते एका वेळी कधीच दिसत नाही: फूल फाल्गुनात, पालवी नंतर, पिकल्या शेंगा ऐन उन्हाळ्यात. म्हणजे 'हुबेहूब' म्हणतो ते चित्र एका अर्थी कल्पितच. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींचे ग्रंथ 1795 पासून काढले, त्यांतली मूळ चित्रं भारतीय चित्रकारांची होती. त्यातही पळस आहे. पळसाच्या 'ब्युटिया मोनोस्पर्मा' या शास्त्रीय नावातलं 'मोनोस्पर्मा' म्हणजे एकबीजी. शेंगेच्या टोकाशी एकच बी असते, तेवढी दाखवा. आणि 'पळसाला पाने तीनच' म्हणतो खरं, पण शास्त्राच्या हिशेबानं ती तीन पानं नव्हेत, एकाच पानाच्या तीन पर्णिका. देठ एकच काढा, नाहीतर मुलं तीन सुटी पानं शिकतील.

दारव्हा: मग सुभाषित गाळतो, म्हण ठेवतो. पण पिकली शेंग सध्या कुठे मिळेल?

अमरावती: मेच्या शेवटी कोणत्याही धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर. पत्रावळीसाठी पानं तोडतात त्या झाडावर पाहू नका, तिथे फांद्या छाटलेल्या असतात.