८० मिमी की ८ इंची डॉब्सन?

भाऊ, ८० मिमी भिंगाच्या दुर्बिणीएवढ्या पैशात ८ इंची डॉब्सन (साध्या फिरत्या बैठकीवरची, आरशाची दुर्बीण) मिळतोय, तर लहान का घ्यायची, असं तुम्ही विचारलंय. डोळ्यांनी बघायचं असेल तर डॉब्सनच घ्या, डोळे झाकून! फोटोसाठी मात्र माझं मत ८० मिमी, एफ/६ ईडी रिफ्रॅक्टरला, म्हणजे रंगांची झालर कमी ठेवणाऱ्या खास काचेच्या भिंगाच्या दुर्बिणीला. एफ/६ म्हणजे फोकल लेंथ भिंगाच्या सहापट, ४८० मिमी; ती जितकी कमी तितकं जास्त आकाश फोटोत येतं, त्यामुळे एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात देवयानी दीर्घिका तिरकी धरली की जवळजवळ अख्खी मावते. डॉब्सनच्या १२०० मिमीत नुसता गाभा येतो. शिवाय साधा डॉब्सन ताऱ्यांमागे फिरत नाही, मिनिटभराच्या एक्सपोजरला रेघाच उठतात.

खरा पैसा विषुववृत्तीय माउंटवर घाला, म्हणजे ध्रुवताऱ्याकडे रोखून ताऱ्यांमागे फिरणाऱ्या बैठकीवर. आणि जागा आधी बघून ठेवा. खान्देशात ध्रुवतारा जेमतेम २१ अंशांवर असतो. चोपड्याकडच्या मळ्यात मी एकदा सगळं मांडलं, तर ध्रुव नेमका केळीच्या पानांआड. त्यात बागेला पाणी दिलेलं, अर्ध्या तासात भिंग दवाने पांढरं. आता हरभऱ्याच्या शेतातच बसतो, उत्तरेला मोकळं बघून. ड्यू हीटर (भिंग कोमट ठेवून दव टाळणारा पट्टा) मात्र तिथेही लागतोच.